पोत्यावरचा नंबर आणि पोत्यातला नंबर



ऊस विकास अधिकाऱ्याने या पानावर लिहायचे म्हणजे बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांवर लिहायचे असा आपल्याकडे रिवाज आहे. यावेळी आम्ही थोडी आडवाट धरली आहे. विषय आहे मोबाईलमधल्या प्रोग्रॅमच्या नंबरचा, म्हणजे ज्याला सगळे ‘व्हर्जन’ म्हणतात त्याचा. “त्याच्याशी आम्हाला काय करायचंय?” असे आपण म्हणाल. आम्हीही बरेच दिवस तेच म्हणत होतो. पण या नंबराकडे कोणी न पाहिल्यामुळे आपल्याच काही सभासदांचा ऊस तोडणीत मागे पडायची वेळ आली. ते आमच्या खात्याच्या ध्यानात आले नाही, एका सभासदाच्या ध्यानात आले. म्हणून ती हकिकत आणि तिच्यामागचे शास्त्र साध्या शब्दांत मांडत आहोत.

पाडव्याची लागण फेब्रुवारीत कशी गेली?

२०२५-२६ च्या गळीत हंगामाआधीची गोष्ट. ऊसनोंदीच्या याद्या हरकतींसाठी लावल्या होत्या. घोडेगावच्या खालच्या अंगाला, घोड नदीकाठी ज्यांचे रान आहे असे एक वयस्कर सभासद यादी बघायला आले. चष्मा पुसून त्यांनी आपले नाव शोधले, तारखेवर बोट ठेवले आणि म्हणाले, “साहेब, माझा ऊस फेब्रुवारीत लावलाय असं तुम्ही लिहिलंय. मी तर दिवाळीच्या पाडव्याला लावला. घरात पोरं फराळ करत होती अन् आम्ही सरीत टिपरी दाबत होतो.”

२०२४ चा दिवाळी पाडवा २ नोव्हेंबरला होता. यादीत तारीख होती ११ फेब्रुवारी २०२५. त्यांनी बंडीच्या खिशातून पावती काढली. आमच्याच माणसाच्या हातची, शिक्क्याची. तीवर स्वच्छ २/११ लिहिले होते.

आता हे बघा. आपण तारीख लिहिताना आधी दिवस, मग महिना लिहितो. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस लिहितात. फोनची भाषा अमेरिकन इंग्रजीवर ठेवलेली असली तर आमचा जुना प्रोग्रॅम तारीख त्यांच्या रीतीने वाचत असे. त्यामुळे २/११ म्हणजे फेब्रुवारीची ११ तारीख झाली. गंमत अशी की १३ तारखेपासून पुढच्या सगळ्या नोंदी बरोबर होत्या, कारण तेरावा महिना कोणत्याच देशात नाही. ११/११ ची नोंदही बरोबर होती, कारण ती उलटी केली तरी तीच. म्हणून यादी वरवर चाळली तर दोष दिसत नव्हता. पहिल्या बारा दिवसांत ज्यांनी लागण केली त्यांच्याच तारखा उलटल्या होत्या.

सभासदांना सांगायला नको, तरी नव्या पिढीसाठी सांगतो. जुलै-ऑगस्टची लागण ती आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरची ती पूर्वहंगामी आणि जानेवारी-फेब्रुवारीची ती सुरू. तोडणीचा कार्यक्रम या क्रमाने लागतो. पूर्वहंगामी ऊस सुरूच्या यादीत गेला की त्याची टोळी हंगामाच्या शेवटाकडे सरकते. ऊस उभ्याने वाळतो, वजन घटते. पुढचे नुकसान त्याहून मोठे. १५ फेब्रुवारीनंतर तुटलेल्या उसाचा खोडवा ठेवू नये अशी शिफारस आम्हीच दरवर्षी आपल्याला करतो, कारण उन्हाच्या तडाख्यात फुटवा नीट येत नाही आणि पाण्याचीही ओढाताण असते. म्हणजे कागदावर एक तारीख उलटली तर रानात दोन पिकांचे गणित बिघडते.

आत कोणता, पाटी कोणती?

सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट पुढे आहे. हा दोष नवा नव्हता. २०२४ च्या आडसाली नोंदीतच तो सापडला होता. ५ जुलैची लागण ७ मे अशी उतरलेली पाहून आमच्या माणसांनी लगेच कळवले होते. प्रोग्रॅम करून देणाऱ्यांनी दुरुस्ती केली. जुना नंबर ३.१ होता, नवा ३.२ दिला. ऑक्टोबरात नवी फाईल सगळ्या गटांना पाठवली. फाईलच्या नावातच ३.२ लिहिले होते. सगळ्यांनी ती फोनमध्ये घातली आणि “३.२ टाकले” असा निरोप दिला. आमच्या वहीत टिक झाली आणि विषय मिटला.

हे सभासद पावती घेऊन आले त्या दिवशी आम्ही त्या गटातला फोन मागवला. प्रोग्रॅम उघडून ‘माहिती’ असे लिहिलेले पान पाहिले. तिथे ३.१ होते!

म्हणजे एका गटाला गेलेल्या फाईलचे नाव नवे होते आणि तिच्या पोटात प्रोग्रॅम जुनाच होता. नाव कोणीतरी हाताने टाइप केले होते आणि आत घालताना शेजारची जुनी फाईल उचलली गेली होती. फोनमध्ये तपासणी असते, ती का लागू पडली नाही हेही आम्ही विचारून घेतले. आजच्या बहुतेक फोनमध्ये नव्या प्रोग्रॅमवर जुना घालायला गेले तर फोन नकार देतो. पण त्याच नंबराचा प्रोग्रॅम पुन्हा घातला तर तो निमूट घेतो. इथे ३.१ वर ३.१ च बसला, म्हणून फोनने कुरकुर केली नाही.

आम्ही हे सगळे सभासदांना समजावत होतो तोच ते म्हणाले, “म्हणजे बेण्याच्या गाडीला पाटी २६५ ची अन् गाडीत ८६०३२. तसंच झालं की हो!”

आम्हाला एवढे थोडक्यात सांगता आले नसते. बेणेमळ्यातून गाडी आली की आम्हीच तुम्हाला सांगतो, पाटी वाचू नका, मोळी सोडा. कांडीचा रंग बघा, डोळ्याची ठेवण बघा, पाचट कसे धरून आहे ते बघा. उसाच्या बाबतीत जे आम्ही शिकवतो ते प्रोग्रॅमच्या बाबतीत आम्ही स्वतः केले नाही. ही चूक आमच्या खात्याची, आणि ती येथे कबूल करतो.

त्या गटातल्या १ ते १२ तारखांच्या सगळ्या नोंदी पावत्यांशी ताडून दुरुस्त केल्या आणि तोडणी कार्यक्रम नव्याने लावला. ज्यांच्याकडे पावती होती त्यांचे काम दोन मिनिटांत झाले. ज्यांची पावती हरवली होती त्यांच्यासाठी मात्र रानात जाऊन, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून, पाण्याच्या पाळ्या मोजून तारीख ठरवावी लागली.

प्रोग्रॅम तयार होतो म्हणजे काय होते?

हे प्रकरण डोक्यातून जाईना. तेवढ्यात घोडेगावच्याच एका सभासदाचा मुलगा सुट्टीला गावी आला होता. पुण्याला हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत असतो. त्याला बोलावून घेतले. लहानपणी वडिलांबरोबर ट्रॅक्टरवर बसून काट्यावर आलेले पोर, त्यामुळे त्याने आमच्याच भाषेत सांगितले.

“सर, माणूस जे लिहितो तो ऊस समजा,” तो म्हणाला. “तो माणसाला वाचता येतो. पण फोनला तो जसाच्या तसा चालत नाही. तो गव्हाणीत टाकायचा, मिलमधून काढायचा, पाक करायचा. शेवटी जे निघतं ती साखर. फोन फक्त साखर खातो.”

माणसाने लिहिलेल्या मजकुरापासून यंत्राला चालणारा प्रोग्रॅम करणे याला ही मंडळी ‘कंपाइल’ करणे म्हणतात. त्यातून निघालेला माल माणसाला नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नाही. साखरेच्या दाण्याकडे बघून हा ऊस कोणाच्या रानातला हे जसे सांगता येत नाही तसेच ते. म्हणून तयार मालाला स्वतःचा नंबर असावा लागतो.

पूर्वी एकेक पायरी माणूस हाताने करी. आता मजकूर तयार झाला की एक यंत्रणा आपणहून कामाला लागते. ती मजकूर उचलते, कंपाइल करते, ठरलेल्या चाचण्या घेते, मालाची फाईल बांधते, तिला नाव देते आणि गोदामात ठेवते. रात्रपाळीला कोणी नसले तरी हे चालते. या सगळ्या प्रकाराला ‘बिल्ड’ म्हणतात. या साखळीत एक जागा अशी आहे की जिथे यंत्रणेला नंबर लागतो, ती म्हणजे फाईलला नाव देण्याची जागा. हा नंबर तिने आणायचा कुठून?

नंबर आणायच्या तीन वाटा

पहिली वाट म्हणजे माणसाने तो वेगळा टाइप करायचा. मजकुरात एकदा आणि फाईलच्या नावात दुसऱ्यांदा. दोन ठिकाणी लिहिले की कधी ना कधी एक बदलायचे राहते. आमच्याकडे झाले ते असेच.

दुसरी वाट म्हणजे नंबर एकाच जागी लिहायचा आणि तिथूनच तो प्रोग्रॅमच्या पोटातही जाईल आणि फाईलच्या नावातही येईल अशी व्यवस्था करायची. ही पहिलीपेक्षा पुष्कळ चांगली. पण माल शेजारच्या ढिगातून उचलला गेला तर ही सुद्धा फसते. नाव बरोबर लिहिले जाईल, आत दुसरेच असेल.

तिसरी वाट म्हणजे माल तयार झाल्यावर त्या तयार मालालाच विचारायचे, “तुझा नंबर काय?” आणि तो जे सांगेल तेच नाव फाईलला द्यायचे.

आपल्या कारखान्यातले उदाहरण घ्या. पोत्यावर एस-३० किंवा एम-३० असा दर्जा, हंगामाचे साल आणि वजन छापलेले असते. पण छापले म्हणून आतली साखर एस-३० होत नाही. प्रयोगशाळेत साखरेचा नमुना घेतात, दाणा आणि रंग नमुन्याच्या बाटल्यांशी ताडतात आणि मग दर्जा ठरतो. कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था या नमुन्याच्या बाटल्या देशभरच्या कारखान्यांना पुरवते. दर्जा साखरेतून वाचायचा आणि मग पोत्यावर लिहायचा, असा आपला क्रम आहे. तिसरी वाट हीच.

आता कोणी विचारेल, तयार मालाला नंबर विचारायचा म्हणजे तो प्रोग्रॅम चालवून बघायचा का? बऱ्याच प्रोग्रॅमना तसे चालवून विचारता येते. पण फोनसाठी केलेला प्रोग्रॅम ज्या संगणकावर बिल्ड होतो तिथे सरळ चालतच नाही. शिवाय अर्धवट तपासलेला प्रोग्रॅम नुसत्या नंबरासाठी सुरू करणे धोक्याचेही असते. म्हणून नंबर फाईलमध्ये एका ठरलेल्या जागी कोरलेला असतो आणि फाईल न चालवता तो वाचता येतो. बैलबाजारात बैलाचे वय दातावरून सांगतात. दोन दाती की चार दाती हे बघायला त्याला नांगराला जुंपावे लागत नाही. तसेच हे.

फोनच्या ॲपमध्ये असे दोन नंबर असतात. एक माणसाला दाखवायचा, ३.२ सारखा. दुसरा आतला, सरळ पूर्णांक, जो दर नव्या आवृत्तीला वाढलाच पाहिजे. फोन नवे-जुने ठरवतो ते या आतल्या नंबरावरून. विंडोजच्या प्रोग्रॅममध्ये चार आकड्यांचा नंबर पोटात असतो. फाईलवर उजवे बटण दाबून तपशील उघडला तर तो कोणालाही दिसतो. ऑफिसातल्या संगणकावर आपण स्वतः बघू शकता.

त्या मुलाने एक बारकावा सांगितला तो फार महत्त्वाचा वाटला. “सर, नंबर वाचायला गेलो आणि वाचताच आला नाही, तर यंत्रणेनं थांबलं पाहिजे. नाहीतर ती कोऱ्या जागेसकट पुढं जाते आणि बिननंबराची फाईल बाहेर पडते.” वजनकाट्यावरून आकडा आला नाही म्हणून कोरी पावती फाडून गाडी आत सोडली, असे चालेल का? नाही. गाडी तिथेच उभी राहील. बिल्डनेही तसेच उभे राहायचे.

नंबर वाचायला शिका

नंबर सापडला तरी तो वाचता आला पाहिजे. इथे पुष्कळांची फसगत होते.

आपले उसाचेच नंबर घ्या. को ८६०३२ यातले ‘को’ म्हणजे कोइमतूर. तिथली ऊस प्रजनन संस्था १९१२ साली निघाली. ८६ म्हणजे १९८६ साल आणि ०३२ म्हणजे त्या वर्षीचा अनुक्रम. छ्याऐंशी हजार बत्तीस असा तो आकडा नव्हेच. आपण ज्याला नुसते २६५ म्हणतो त्याचे खरे नाव कोएम ०२६५. ‘एम’ म्हणजे महाराष्ट्र, त्याची निवड आपल्याकडची, पाडेगावच्या केंद्राची. ०२ म्हणजे २००२ साल आणि ६५ हा अनुक्रम. बोलताना पुढचे शून्य गळाले आणि दोनशे पासष्ट झाले. आता एखाद्या नवख्याने को ७४०, ०२६५ आणि ८६०३२ हे तीन आकडे नुसते लहान-मोठे म्हणून लावले, तर तो ७४० ला २६५ पेक्षा नवा ठरवेल. प्रत्यक्षात ७४० आपल्या वाडवडिलांच्या काळचा वाण.

प्रोग्रॅमच्या नंबरात अशीच गोम आहे. १.९ आणि १.१० यांत नवा कोणता? आपण पैशांच्या हिशोबाने बघतो. एक रुपया नव्वद पैसे मोठे, एक रुपया दहा पैसे लहान. पण इथला टिंब हा पैशाचा टिंब नव्हे. टिंबाच्या अलीकडचा आकडा वेगळा आणि पलीकडचा वेगळा. पलीकडे ९ नंतर १० आले, म्हणून १.१० नवा. हे माणसाला एकदा सांगून समजते. पण यंत्रणेला नीट सांगितले नाही तर ती अक्षरे ताडून १.९ लाच नवा ठरवते आणि जुना माल पुढे धाडते.

मोठमोठ्यांचीही यात फसगत झाली आहे. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ३.१ चा आतला नंबर ३.१० होता. त्या काळच्या काही प्रोग्रॅमनी तपासणी अशी ठेवली की पहिला आकडा ३ किंवा जास्त हवा आणि दुसरा १० किंवा जास्त हवा. पुढे १९९५ साली विंडोज ९५ आली. तिचा नंबर ४.०. पहिला आकडा वाढला, पण दुसरा शून्यावर आला. जुने प्रोग्रॅम म्हणू लागले, दुसरा आकडा दहापेक्षा कमी, म्हणजे ही विंडोज जुनी, आम्ही चालणार नाही! शेवटी जुन्या धाटणीच्या प्रोग्रॅमनी विचारले तर विंडोज ९५ ने आपला नंबर ३.९५ सांगायचा, अशी तडजोड करावी लागली. नंबर वाचणाऱ्याची चूक, आणि खोटे बोलावे लागले सांगणाऱ्याला.

आठव्या संगणकाची गोष्ट

हे सगळे आपल्यासारख्या गावाकडच्या कारभारातच होते असे कोणी समजू नये. अमेरिकेत नाइट कॅपिटल नावाची शेअर बाजारातली बडी कंपनी होती. तिने २०१२ मध्ये नवा प्रोग्रॅम बसवायला घेतला. काम आठ संगणकांवर करायचे होते. सातांवर नवा बसला, आठव्यावर जुनाच राहिला, आणि आठही सारखे आहेत का हे दुसऱ्या कोणी तपासले नाही. १ ऑगस्ट २०१२ रोजी बाजार उघडला आणि आठव्या संगणकावरचा जुना भाग जागा होऊन भराभर शेअरचे सौदे करू लागला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४६ कोटी डॉलरपेक्षा जास्त नुकसान झाले. पुढच्या वर्षी तिथल्या सरकारी नियामकाने तिला १ कोटी २० लाख डॉलर दंडही केला. सात बरोबर होते, आठवा बघायचा राहिला. आमच्याही बाकीच्या गटांत ३.२ नीट बसला होता, एक गट बघायचा राहिला.

आपल्या राज्यात या नंबराशी तुमची गाठ पडलेलीच आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. १ ऑगस्ट २०२२ पासून तिचे ‘व्हर्जन-२’ आले. गटाच्या मध्यबिंदूपासून आपण लांब उभे असलो तर ते तसे सांगते, आणि केलेली नोंद ४८ तासांच्या आत दुरुस्त करण्याची सोय त्यात आली. त्या सुमारास घोडेगावला तहसील कचेरीच्या आवारात कितीतरी शेतकरी “नोंद होत नाही” म्हणून फोन घेऊन उभे असलेले आम्ही पाहिले. त्यातल्या काहींच्या फोनमध्ये आदल्या वर्षीचेच ॲप होते. नाव तेच, चित्र तेच, आतला नंबर जुना. कोणी सांगितल्याशिवाय ते कळायचे कसे?

आता काय बदलले?

या प्रकारानंतर आपल्या ऊसनोंदीच्या प्रोग्रॅमची व्यवस्था पुढीलप्रमाणे केली आहे.

१) फाईलचे नाव कोणीही हाताने टाइप करायचे नाही. फाईल तयार झाल्यावर यंत्रणा तिच्या पोटातला नंबर वाचते आणि तोच नावात घालते.

२) पोटातला नंबर आणि मजकुरात लिहिलेला नंबर यांचा मेळ बसला नाही, किंवा नंबर वाचता आला नाही, तर काम तिथेच थांबते.

३) आधी पाठवलेल्या नंबरापेक्षा नवा नंबर मोठा नसेल तरीही काम थांबते. ही तुलना टिंबाच्या अलीकडची आणि पलीकडची वेगवेगळी होते.

४) एकदा बाहेर गेलेला नंबर दुसऱ्या मालाला पुन्हा द्यायचा नाही. एका अक्षराची दुरुस्ती केली तरी नंबर नवा.

५) गटातल्या माणसाने “टाकले” असा निरोप देऊन भागणार नाही. ‘माहिती’ पान उघडून तिथे दिसणारा नंबर त्याने वहीत लिहायचा. आम्ही फिरतीवर असताना तो स्वतः बघतो.

६) नोंदीच्या पावतीवर आता तारखेत महिना अक्षरी छापला जातो, उदाहरणार्थ ‘२ नोव्हेंबर’, आणि खाली बारीक अक्षरांत प्रोग्रॅमचा नंबरही असतो. हा नंबर प्रोग्रॅम स्वतः छापतो, माणूस लिहीत नाही.

कोणी म्हणेल, एवढ्याने चुका बंद होतील काय? तसे आम्ही म्हणत नाही. नंबर बरोबर असला तरी प्रोग्रॅममध्ये दुसरा दोष असू शकतो. ८६०३२ चेच बेणे असले तरी ते रोगट असू शकते, तसे. पण नंबर खरा असला तर दोष कोणत्या नोंदींत शिरला आणि कुठून कुठपर्यंत, हे तासाभरात काढता येते. नंबरच खोटा असला तर कोणत्या रानात काय लावले आहे हेच कळत नाही, मग औषध कोणावर मारायचे?

सभासदांना विनंती

तरी सर्व सभासदांना नम्र विनंती की, ऊसनोंदीची पावती घेतल्यावर तिथेच उभे राहून तीन गोष्टी वाचाव्यात. लागणीची तारीख, उसाची जात आणि क्षेत्र. घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलामुलीला पावती वाचायला सांगितली तरी चालेल. पावती हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावी. नोंदीबाबत तक्रार असल्यास पावतीच्या खाली छापलेला नंबर तक्रारीत जरूर लिहावा. त्यामुळे आमचा अर्धा शोध वाचतो. याद्या लागतील तेव्हा स्वतः येऊन पाहाव्यात. “साहेबांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असेल” असे समजू नये.

ते वयस्कर सभासद त्या दिवशी यादी बघायला आले नसते तर त्यांच्या गटातल्या सगळ्यांचाच पूर्वहंगामी ऊस उन्हाळ्यापर्यंत उभा राहिला असता. त्यांच्या उसाची तोडणी वेळेवर झाली आणि त्यांनी खोडवा राखला आहे. परवा रानात गेलो तेव्हा फुटवा चांगला दिसला. निघताना म्हणाले, “साहेब, आता कितवा नंबर चाललाय तुमचा?” आम्ही फोन उघडून, ‘माहिती’ पान बघून, मगच सांगितला.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते